कैलासवासी गंधालीचा सत्कार

तारखांच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अख्ख्या रायपुरात सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो! छत्तीस वर्षं रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढली. कोणतं पोतं कोणत्या तारखेला आलं, हे रजिस्टर न उघडता सांगत होतो. साहेब म्हणायचे, "देवपुजारी, तुम्ही माणूस आहात की कॅलेंडर?" अशा माणसाचं एका तारखेनं वाटोळं करावं, म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्यानं न्हाणीघरातल्या बादलीत बुडावं तसं झालं!

माझी नात गंधाली. वय... थांबा, वयाचं मग सांगतो.

ही पोट्टी गोळाफेक करते. तीन किलोचा लोखंडी गोळा मानेशी धरायचा आणि साऱ्या जगावर राग असल्यासारखा ढकलून द्यायचा, एवढाच तो खेळ. सरावात तिनं आमच्या दोन कुंड्या, एक बादली आणि शेजारच्या नरहर बक्षीच्या कंपाउंडचा कोपरा फोडला होता. नरहर रोज तक्रार घेऊन यायचा आणि जाताना बंगलोरच्या नातवाच्या कंपनीचं वर्णन करून जायचा. मी ऐकायचो. सांगायला माझ्याकडे होतं काय? पित्ताशयातला खडा!

आणि ऐकायला तरी कोण होतं? छत्तीसगड झालं, रायपूर राजधानी झाली, गावभर फटाके फुटून राहिले होते आणि मी हॉस्पिटलबाहेर औषधांच्या रांगेत उभा होतो. तेराव्या दिवशी माझी बायको गोदावरी गेली. तेव्हापासून चौबे कॉलनीतल्या त्या घरात माझं बोलणं भिंतीच ऐकतात. मुलगा शिशिर नव्या मंत्रालयात कारकून, तो फायलींसारखाच उशिरा घरी येतो. सून स्नेहल विमा कंपनीत. गंधालीशी मी मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते, तेही दोन शब्दांत.

तर २००३ च्या डिसेंबरात रायपुरातच राज्य स्पर्धा झाली. सोळा वर्षांखालच्या मुलींचा गट. मी स्टँडमध्ये मफलर गुंडाळून बसलो होतो. गंधालीचा शेवटचा गोळा गेला तो गेलाच! नऊ मीटर बासष्ट! पहिला नंबर! मी उठून असा ओरडलो की समोरच्या माणसाचा चहा त्याच्याच मांडीवर सांडला. दुसरी आली सिलतऱ्याची दुलारी साहू, फक्त अकरा सेंटीमीटरनं मागे. तिचे वडील माझ्याच शेजारी बसले होते. लोखंडाच्या कारखान्यात वजनकाट्यावर काम करणारा साधा माणूस. त्यांनी उठून माझे हात धरले. "बधाई हो बाबूजी! आपकी बिटिया में बहुत दम है."

रिक्षात गंधालीनं पदक माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "आजोबा, भूख लगी है." बस, एवढंच! माझे डोळे भरून आले होते आणि हिला समोसा पाहिजे होता.

आता वयाचं सांगतो.

गंधालीचं नाव शाळेत मीच घातलं. जन्म ११ सप्टेंबर १९८७ चा. मी फॉर्मवर लिहिलं १९८८. काहून? तर पुढे सरकारी नोकरी लागली की एक वर्ष जास्त मिळेल! स्वतः रिटायर झालो त्या दिवशी मला वाटलं होतं, आणखी एक वर्ष असतं तर. तेव्हा शाळावाले जन्माचा दाखला मागत नसत, आजोबाची सही पुरत होती. स्नेहल म्हणाली होती, "बाबा, असं नका करू." मी तिला व्यवहार शिकवला!

स्पर्धेचा फॉर्म भरताना गंधालीनं मला सरळ विचारलं होतं, "आजोबा, कौन सी डेट लिखूँ? सच वाली या स्कूल वाली?"

"शाळेतली लिही," मी म्हटलं. "कागद म्हणते तेच खरं असते."

खऱ्या तारखेनं पोरगी सोळा पूर्ण झाली होती. त्या गटात तिला उतरताच येत नव्हतं. हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण सगळेच तर करतात, असं म्हणून मी तो विचार वळचणीला टाकला होता.

दुसऱ्याच दिवशी मी एका हिंदी पेपरच्या ऑफिसात जाऊन बसलो. तिथल्या पत्रकारानं अर्धा तास माझं ऐकून घेतलं. तीन वर्षांत सलग अर्धा तास कोणी ऐकलं नव्हतं, म्हणून मी सव्वा तास बोललो! शेवटी तो म्हणाला, "अंकल, बचपन की कोई फोटो हो तो दे दीजिए, अच्छा लगेगा."

फोटो तर घरात ढीगभर होते. मी नेमका बारशाचा दिला. त्यात गोदावरी आहे. हिरवं लुगडं, मांडीवर बाळ, आणि कोणीतरी काहीतरी बोललं म्हणून हसते आहे. तिचं नाव पेपरात कधी आलं नाही. गेली तेव्हाही आम्ही छापलं नाही. म्हटलं, नातीच्या निमित्तानं एकदा येऊन जाऊ दे.

गुरुवारी छापून आलं. चार कॉलम! 'रायपुर की बेटी का सुनहरा गोला'! मी तीस अंक आणले. पोस्टमनला दिला, दूधवाल्याला दिला, पंडरीच्या कापडवाल्याला दिला, नरहरला तर दोन दिले. नरहर आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. त्यानं तिथल्या तिथे रविवारी सत्कार ठरवला. मग माझ्या मनानं आणखी मोठेपणा केला. दुसऱ्या आलेल्या दुलारीलाही बोलवायचं! मोठेपणा म्हणा, नाहीतर दुसरी आलेली पोरगी समोर बसली की पहिली जरा जास्तच पहिली दिसते म्हणा. शुक्रवारी बसनं सिलतऱ्याला गेलो, साहूजींना आमंत्रण दिलं आणि पेपरचा अंक त्यांच्या हातात दिला. माझ्या स्वतःच्या हातानं!

शनिवारी सकाळी साहूजी दारात उभे. हातात घडी घातलेला तोच पेपर.

"बाबूजी, बुरा मत मानना. एक बात पूछनी थी."

"पूछो, पूछो! बैठो!"

ते बसले नाहीत. त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "ये पीछे सत्तासी लिखा है ना?"

मी चष्मा लावला. गोदावरीच्या मागे भिंतीवर थर्माकोलची अक्षरं होती. तिनंच दोन दिवस बसून कापली होती. 'गंधालीचे बारसे. २२-९-८७.' वीतभर मोठे आकडे! गुरुवारपासून मी तो फोटो शंभरदा पाहिला असेल. दर वेळी फक्त तिचं तोंड पाहिलं.

"मेरी दुलारी अट्ठासी की है," साहूजी हळू आवाजात म्हणाले. "सर ने बताया था, गंधाली बिटिया भी अट्ठासी की है. तो फिर ये...?"

माणूस रागावला असता तर मी भांडलो असतो. तो रागावला नव्हता, तोच लाजून राहिला होता!

"थर्माकोल है," मी म्हटलं. "आठ का टुकड़ा गिर गया होगा."

"आठ टूटकर सात नहीं बनता, बाबूजी. मैं बारह साल से काँटे पर बैठा हूँ, दिन भर आँकड़े ही पढ़ता हूँ."

डोकं पार्सल ऑफिसच्या जुन्या पंख्यासारखं नुसतंच खडखड करायला लागलं. आणि मग माझ्या तोंडून जे निघालं, ते कोणाच्या तोंडून निघू नये.

"वो... वो पहली थी."

"पहली?"

"पहली गंधाली. चली गई. साल भर बाद ये आई, तो उसी का नाम रख दिया."

साहूजींनी पेपर मिटला, कपाळाला लावला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "माफ कर दो बाबूजी. मैं पापी हूँ, क्या पूछने आ गया!" माझ्या पाया पडून ते निघाले. मी दरवाजा धरून उभा. जिवंत नातीला मी एका वाक्यात मारून टाकलं होतं, आणि माणूस माझीच माफी मागून गेला!

फाटकाशी त्यांना नरहरची बायको कांताबाई भेटली. डोळे पुसणारा माणूस दिसला की कांताबाई चौकशी केल्याशिवाय सोडत नाही. तिनं विचारलं आणि त्यांनी सांगितलं.

आता त्याच सकाळी आमच्याकडे आणखी एक गोष्ट झाली होती. स्नेहलची जुनी लुना गाडी शिशिरनं भंगारात काढली होती. दुपारी स्नेहल ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. मी आत पेपर तोंडासमोर धरून. कांताबाई आली आणि स्नेहलच्या गळ्यातच पडली.

"एवढं मोठं दुःख पोटात घेऊन बसलीस ग! आम्हाले सांगितलं काहून नाही?"

"त्यात काय सांगायचं काकू?" स्नेहल म्हणाली. "आज ना उद्या जायचीच होती."

"किती वर्षांची होती?"

"अकरा."

"अरे देवा! मले तर वाटलं तान्ही होती! झालं काय होतं?"

"आतून पूर्ण सडली होती हो. महिनाभर तर जागची हललीच नाही. शेवटी हेच म्हणाले, हिच्या मागे किती दिवस लागायचं? देऊन टाक."

"देऊन... कोणाले?"

"भंगारवाल्याले. आला अन् हातगाडीवर टाकून घेऊन गेला. जड होती पण! दोघांनी मिळून उचलली."

कांताबाई पायरीवरच बसली. स्नेहलनं धावत पाणी आणलं, तिला घरी पोचवलं आणि आत येऊन मला म्हणाली, "बाबा, काकूंना आपल्या लुनाचं किती वाईट वाटलं हो! माणसं चांगली आहेत."

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही होतं. मग मिटलं. म्हटलं, उद्या सत्कार होऊन जाऊ दे. कांताबाईचा गैरसमज नंतर निस्तरू.

रविवारी मंडळाचा हॉल भरला होता. व्यासपीठावर गंधाली, अंगावर शाल, गळ्यात पदक. तिसऱ्या ओळीत साहूजी आणि दुलारी. पहिल्या ओळीत आम्ही तिघं. नरहर माईकपाशी गेला, खिशातून कागद काढला आणि त्याचा आवाज एकदम जड झाला.

"मंडळी, भाषणांआधी एक दुःखद कर्तव्य. या घरानं सोळा वर्षं एक जखम लपवून ठेवली होती. कैलासवासी कुमारी गंधाली शिशिर देवपुजारी हिच्या आत्म्यास शांती लाभावी म्हणून आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू."

सगळा हॉल उभा राहिला. व्यासपीठावर गंधालीही उभी राहिली! बिचारी शिस्तीची पोर, सगळे उठले म्हणून उठली. मग तिला शब्द कळले. ती इकडेतिकडे पाहायला लागली. स्वतःच्याच शोकसभेत सत्काराची शाल पांघरून उभा असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही!

अर्धं मिनिट झालं असेल. ती हळूच म्हणाली, पण समोर माईक होता. "नरहर आजोबा, कौन मर गया?"

नरहरनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी मोठी बहीण, बेटा. तुले माहीत नाही."

गंधालीनं आईकडे पाहिलं. आईनं शिशिरकडे पाहिलं, आणि असं पाहिलं, की शिशिरचं दुसरं घर आहे हे त्या क्षणी तिच्यापुरतं सिद्ध झालं! शिशिर घाबरून म्हणाला, "मले काही माहीत नाही! आईशप्पथ!" मागून कांताबाईचा आवाज आला, "भंगारवाल्याले दिली अन् म्हणते माहीत नाही!"

मग साहूजीच बोलले. कोणाला दुखवू नये अशा आवाजात. "बेटा, बाबूजी ने बताया था. वो फोटो वाली बच्ची. सत्तासी वाली."

गंधालीनं त्यांच्या हातातला पेपर मागून घेतला. फोटो पाहिला. आकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहायला लागलो. पंखा बंद होता.

ती माईकपाशी गेली. "फोटो मेरी है. कोई नहीं मरा. मैं सत्तासी की हूँ. स्कूल में अट्ठासी लिखा है. फॉर्म में वही भरा. मैंने भरा."

आता माझं नाव येईल म्हणून मी मान खाली घातली. नाव आलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं हो! निदान मी उठून उभा तरी राहिलो असतो. हात वर करायला पाहिजे होता. सांगायला पाहिजे होतं, की मंडळी, लिहिणारा हा इथे बसला आहे. सोळा वर्षांच्या पोरीनं दोनशे लोकांसमोर ओझं उचललं आणि सत्तर वर्षांचा मी मफलर चाचपत बसलो.

तिनं पदक काढलं, खाली उतरली, तिसऱ्या ओळीत गेली. दुलारीनं हात मागे लपवले. "नहीं दीदी, नहीं." गंधालीनं ते तिच्या मांडीवर ठेवलं आणि सरळ दाराबाहेर गेली. शाल दाराशी पडली. ती स्नेहलनं उचलली.

जाताना साहूजी माझ्यापाशी थांबले. मला वाटलं, आता चार शब्द सुनावतील. ते एवढंच म्हणाले, "बाबूजी, हमने तो कल घर में उस बच्ची के नाम का दीया जलाया था."

असं म्हणण्यापेक्षा माणसानं माझ्या पायावर गोळा टाकावा!

पुढचं सगळं कागदोपत्री झालं. गंधालीनं शिशिरला सोबत घेऊन स्वतःच अर्ज दिला. निकाल रद्द. एक वर्ष स्पर्धेत बंदी. पेपरात तीन ओळी आल्या, त्याचे अंक मी आणले नाहीत. शाळेत तारीख सुधारायला मला जावं लागलं. हेडमास्तरांच्या समोर लिहून दिलं, 'मी जाणूनबुजून चुकीचे साल लिहिले होते.' सगळ्यात वाईट म्हणजे नरहर. तो पूर्वीसारखा संध्याकाळी येऊन बसायचा, पण बंगलोरच्या नातवाचं नावही काढायचा नाही. त्याची दया मला त्याच्या बढाईपेक्षा जास्त लागली.

आणि गंधाली. रागावली नाही, भांडली नाही. पूर्वी दोन शब्द बोलायची, आता तेही नाही. ताट समोर ठेवायची आणि जायची. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. घरात चार माणसं आणि घड्याळाचाच आवाज. रात्री जेवताना चमचा पडला तरी सगळे दचकायचे.

मार्चमध्ये ती पुन्हा मैदानावर जायला लागली. आता मोठा गट, गोळा चार किलोचा. तिचे सर पहिल्यासारखे लक्ष देत नव्हते. बंदीच्या पोरीवर कोण वेळ घालवेल? ती एकटीच फेकायची, एकटीच चालत जाऊन उचलायची, परत यायची. तीन दिवस मी कुंपणापाशी उभा राहून पाहिलं. चौथ्या दिवशी आत गेलो आणि गोळा पडायचा तिथे जाऊन उभा राहिलो. गोळा पडला की उचलून आणून द्यायचा. चार किलो म्हणजे काय असतात, ते मला त्या दिवशी कंबरेनं सांगितलं!

ती फेकायची, मी आणून द्यायचो. आठ-दहा दिवस असेच गेले. एका सकाळी मी जरा पुढेच उभा होतो. तिनं गोळा मानेशी धरला, थांबली, खाली घेतला.

"पीछे हटो आजोबा. पैर पर गिरेगा."

तीन महिन्यांतलं पहिलं वाक्य! मी इतका मागे सरलो, इतका मागे सरलो, की नाल्यात पडता पडता वाचलो. ती हसली नाही. पण दुसऱ्या दिवशी निघताना तिनं माझ्या चपला दारात सरळ करून ठेवल्या होत्या.

तिथेच एकदा मी म्हटलं, "गंधाली, चूक माझी होती. त्या दिवशी मले उठून सांगायला पाहिजे होतं."

"हव," ती म्हणाली. "चाहिए था." आणि गोळा उचलला. माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही विचारलं नाही.

वर्ष सरलं. पुढच्या जानेवारीत बिलासपूरला राज्य स्पर्धा होती. अठरा वर्षांखालचा गट, जन्मतारीख खरी. स्नेहलनं डबा दिला, मी सोबत गेलो. दुलारी या वेळी थाळीफेकीत उतरली होती, तिनं धावत येऊन गंधालीचा हात धरला. साहूजींनी मला नमस्कार केला. मला त्यांच्याकडे बघवलं नाही, पण मी बघितलं.

गंधालीचा गोळा गेला सात मीटर त्र्याण्णव. परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. मध्येच म्हणाली, "भारी है ये वाला." मी म्हटलं, "हो बाई. मले माहीत आहे. मी उचललाय."

घरी पोचलो तर नरहर फाटकाशीच उभा. "काय झालं रे पोट्टीचं? कितवी आली?"

"सहावी," मी म्हटलं.

नरहरचा चेहरा खुलला. वर्षभरात पहिल्यांदा त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "अबे वा! अख्ख्या राज्यात सहावी! सांगतो मंडळात सगळ्यांले! अन् होत्या किती जणी?"

गंधाली बॅग घेऊन पुढे चालली होती, ती थांबली. मागे वळली नाही, नुसती थांबली.

खरं सांगतो, जिभेवर 'चाळीस' आला होता!

"सहा," मी म्हटलं.